दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी, १९०५ - १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांवर संशोधन करणारे मराठी गणितज्ञ होते. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. अंकांची क्रमवारी लावण्यावर आधारलेली त्यांची पद्धत आज संगणक प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासात सरावाचे उदाहरण म्हणून वापरली जाते.

जीवन

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून असून ज्योतिषाचे जाणकार होते. त्यातील आकडेमोडीमुळे कापरेकरांना बालपणीच गणिताची गोडी लागली. ठाणे येथे शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नव्हते.

कापरेकर स्थिरांक

सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ५४३२ - २३४५ = ३०८७, पुढे ८७३० - ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ - २३५८ = ६१७४. ही कृती जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. कापरेकरांनी हा शोध १९४६ मध्ये लावला व १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला.

क्रमवारी आणि आकडेमोड

या कृतीच्या प्रत्येक पायरीत अंकांची क्रमवारी एकदाच लावावी लागते, कारण चढता क्रम हा उतरत्या क्रमाचाच उलटा क्रम असतो. चार अंक २४ प्रकारे मांडता येतात आणि चार तुलनांतून केवळ १६ शक्यता वेगळ्या होतात. म्हणून तुलनेवर आधारलेल्या कोणत्याही अल्गोरिदमला सर्वांत वाईट स्थितीत किमान पाच तुलना लागतात. इन्सर्शन सॉर्टला सहा लागू शकतात. काउंटिंग सॉर्ट प्रत्येक अंक किती वेळा आला एवढेच मोजतो, त्यामुळे त्यात अंकांची परस्पर तुलना करावी लागत नाही.

इतक्या लहान यादीत अल्गोरिदमांमधील फरक व्यवहारात नगण्य असतो. खरी बचत तपासायच्या संख्या कमी केल्याने होते. सुरुवातीची शून्ये धरून अशा संख्या ९,९९० आहेत. अंकांचा मूळ क्रम महत्त्वाचा नसल्याने त्यांचे ७०५ गट उरतात. शिवाय वजाबाकीचे उत्तर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक यांवरच अवलंबून असते: पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. त्यामुळे केवळ ५४ प्रकरणे तपासावी लागतात आणि हे काम कागद-पेन्सिलीनेही पूर्ण होऊ शकते.

अन्य संशोधन

* कापरेकर संख्या: ४५ चा वर्ग २०२५ असून २० + २५ = ४५.
* हर्षद संख्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या, उदा. १२.
* स्वयंभू किंवा देवळाली संख्या: कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी संख्या, उदा. २०. याउलट २१ ही संख्या १५ + १ + ५ अशी तयार होते.
* डेम्लो संख्या: १, १२१, १२३२१ इत्यादी. हे नाव आजच्या डोंबिवली रेल्वे स्थानकावरून पडले.

उपेक्षा व मान्यता

अनेक समकालीन भारतीय गणितज्ञांनी कापरेकरांचे काम क्षुल्लक मानले. त्यांचे बरेचसे लेखन अल्पपरिचित नियतकालिकांतून व स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनामुळे त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांना आंतरराष्ट्रीय ख्याती लाभली. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.