एकांतीची उपासना : साध्वी तेरेसाबाई

चारचौघांतली उपासना सोपी. कसोटी लागते ती एकांतात. टाळ-मृदंगाच्या गजरात मन सहज रंगते. परंतु श्रोते घरोघर गेले, समई मंदावली, की देवापुढे एकटे बसणे आम्हां कीर्तनकारांनाही जड जाते. नवरात्राच्या सुमारास, १५ ऑक्टोबरला, ख्रिस्ती समाज ज्या साध्वीचे स्मरण करतो, तिचे चरित्र या कसोटीचेच आहे.

त्या साध्वी तेरेसाबाई. (कलकत्त्याच्या मदर तेरेसा निराळ्या.) स्पेन देशात आव्हिला या तटबंदीच्या नगरात २८ मार्च १५१५ रोजी त्यांचा जन्म झाला. धर्मासाठी प्राण वेचावा या ध्यासाने बालपणीच त्या भावासह घराबाहेर पडल्या. चुलत्यांनी परत आणले. विसाव्या वर्षी, १५३५ साली, वडिलांची संमती नसताही त्यांनी कार्मेल संप्रदायाच्या मठात प्रवेश केला.

लवकरच दुर्धर व्याधीने त्यांना गाठले. आजारपणाच्या प्रवासात एका काकांनी ओसुना नामक साधूचा ग्रंथ हाती दिला आणि अंतःकरणातील मूक प्रार्थनेची वाट त्यांना सापडली. १५३९ साली सुमारे चार दिवस त्या निश्चेष्ट होत्या. मठात थडगेही खणून ठेवले होते. त्यातून त्या वाचल्या, तरी जवळजवळ तीन वर्षे अंग लुळे राहिले.

देहाचे दुखणे सरले आणि मनाचे सुरू झाले. मठात पाहुण्यांची वर्दळ असे. बाईंचे मन गप्पागोष्टींत गुंतले. असल्या मलिन मनाने परमेश्वराजवळ एकटे कसे बसावे, या संकोचाने त्यांनी एकांतीची प्रार्थना सोडली. मठातील सामुदायिक उपासना चालूच होती. सुटला तो एकांत. वर्षाहून अधिक काळ असा गेला. नम्रतेचे सोंग घेऊन आलेला हा मोह म्हणजे आपल्या आयुष्यातील मोठी चूक, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मानले आहे.

१५४३ साली वडील वारले. त्यानंतर एका धर्मगुरूंच्या उपदेशाने त्या पुन्हा प्रार्थनेस बसल्या. पण गोडी तात्काळ लाभली नाही. कित्येक वर्षे त्यांचे लक्ष घड्याळाचा टोला कधी पडतो इकडेच असे. तरीही त्यांनी बैठक मोडली नाही. अखेर १५५४ साली ख्रिस्ताच्या घायाळ मूर्तीपुढे त्यांना अश्रू आवरेनात, आणि जीवन पालटले.

दार लावून गुप्तपणे प्रार्थना करावी, ही प्रभू येशूंची शिकवण. स्वतः येशूही पहाटेच्या अंधारात निर्जन स्थळी जात. याच वाटेसाठी २४ ऑगस्ट १५६२ रोजी तेरेसाबाईंनी आव्हिलात संत जोसेफ यांच्या नावे छोटासा मठ स्थापिला. नगरात विरोध उसळला, खटला झाला. त्या डगमगल्या नाहीत. तेथे सकाळी एक तास व सायंकाळी एक तास मूक प्रार्थनेचा नेम ठरला. असे १७ मठ त्यांनी उभारले. १५७७ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी जीवाला सात महालांच्या गढीची उपमा दिली. आत शिरण्याचे दार म्हणजे प्रार्थना. मात्र एकांताची पारख सेवेत होते, हेही त्यांनी बजावले.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच रात्री पंचांगाची दुरुस्ती होऊन दुसरा दिवस १५ ऑक्टोबर ठरला. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले. १९७० साली रोमच्या धर्मपीठाने त्यांना धर्माचार्य म्हणून गौरविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

वाचकहो, मन लागत नाही म्हणून ज्यांची जपमाळ खुंटीवर गेली असेल, त्यांनी हे चरित्र आठवावे. मन शुद्ध झाल्यावर बसू म्हणणाऱ्याचे बसणे राहूनच जाते. तेरेसाबाई आधी बसल्या. शुद्धी मागून आली.