सखाराम गणेश देउस्कर : करोंचे मराठी, बंगालचे लेखक

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींना, मूळचे कुठले, हा प्रश्न कधी चुकत नाही. सखाराम गणेश देउस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातल्या देऊस गावचे. पण त्यांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी देवघरजवळच्या करों गावी झाला. आज हा भाग झारखंडात आहे, तेव्हा तो बंगाल प्रांतात होता. मराठ्यांच्या अमदानीत पूर्वज तिकडे गेले आणि तिथलेच होऊन राहिले. सखाराम पाच वर्षांचे असताना आई गेली. विधवा आत्याने त्यांना वाढवले आणि घरातले मराठी टिकले तेही बरेचसे तिच्यामुळेच. शिक्षण मात्र देवघरात झाले आणि पुढे लेखणी चालली ती बंगालीत.

देवघरच्या शाळेत ते शिक्षक झाले. अरविंद घोषांचे आजोबा राजनारायण बसू यांचा सहवास तिथे लाभला. तिथल्या इंग्रज मॅजिस्ट्रेटविरुद्ध 'हितवादी' पत्रात लिहिल्याने नोकरी सोडावी लागली, तेव्हा कलकत्ता गाठून त्याच 'हितवादी'त मुद्रितशोधक म्हणून ते रुजू झाले. पुढे तिथेच संपादक झाले.

आता थोडे अवघड. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांची आठवण तिथल्या घराघरांत राहिली. मूल झोपत नसेल तर बंगाली आई बर्गी आल्याची भीती घाली, आणि बर्गी म्हणजे आपले बारगीर! अशा मुलखात एका मराठी माणसाने शिवाजी महाराजांविषयी लिहायचे, म्हणजे हिंमतच म्हणायची. देउस्करांनी बाजीराव आणि न्यायमूर्ती रानडे यांची चरित्रे बंगालीत लिहिली, शिवचरित्रावर पुस्तिका काढल्या आणि १९०२ पासून कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला. १९०४ साली रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता केली ती देउस्करांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने.

सारे गोडच झाले असे मात्र नाही. १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे आले होते. त्या वेळी भवानीची मूर्ती बसवून पूजा झाली, ती ब्राह्मो मंडळींना रुचली नाही आणि मुसलमानांनाही त्या उत्सवात आपले काही वाटेना. सगळ्या गावाचा म्हणून उत्सव करताना कोण आत येते आणि कोण दारातच थांबते, हे आपल्या समितीलाही दरवर्षी पाहावे लागतेच.

देउस्करांचे खरे काम 'देशेर कथा'. १९०४ साली निघालेल्या या बंगाली पुस्तकात दादाभाई नौरोजी, डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांच्या आकडेवारीच्या आधारे देशाची लूट, विणकरांची वाताहत आणि मनाची गुलामगिरी सामान्य वाचकाला कळेल अशी मांडली आहे. थोड्याच वर्षांत पाच आवृत्त्या निघाल्या. स्वदेशीच्या चळवळीत हे पुस्तक हातोहात फिरले. स्वराज्य हा शब्द बंगालात रूढ करण्याचे श्रेय अरविंदांनी देउस्करांनाच दिले आहे.

१९०७ च्या अखेरीस सुरतेला काँग्रेस फुटली. टिळकांविरुद्ध लिहा, असा 'हितवादी'च्या मालकांचा आग्रह पडला. देउस्करांनी संपादकपदाचा राजीनामा दिला. घर चालवायचे होते, हाती दुसरे काही नव्हते. नंतर काही काळ त्यांनी राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली आणि इतिहास शिकवला. मराठी घरातला माणूस बंगाल्यांच्या मुलांना बंगाली शिकवतो, यात तिथे कुणाला वावगे वाटले नाही, याची मोठी गंमत वाटते.

१९१० मध्ये सरकारने 'देशेर कथा' आणि टिळकांच्या खटल्यावरचे त्यांचे पुस्तक, दोन्ही जप्त केली. देउस्कर करोंला परतले आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिथेच वारले.

काशीत वाढलेले त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांनी 'देशेर कथा' हिंदीत आणली. पुढे हेच पराडकर बनारसच्या 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक झाले.