ज्ञानोपासक महाराजा सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात गोपाळरावांचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले. मुळाक्षरांपासून आरंभ करून मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास त्यांना करावा लागला. उशिरा शिकणाऱ्याचे कष्ट त्यांनी स्वतः सोसले होते.

१८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी शिक्षणाकडे विशेष लक्ष पुरविले. कारागिरांच्या मुलांना मातृभाषेतून सुतारकाम, रंगकाम, विणकाम शिकता यावे म्हणून १८९० साली कलाभवन स्थापन केले. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यास लागू केला. महाराजांची कीर्ती मुख्यतः या सक्तीच्या शिक्षणावर उभी आहे. परंतु त्यांच्या दूरदृष्टीची खरी साक्ष पुढील कार्यात मिळते.

शाळा सोडून मुले नांगराला लागली की वाचलेले विसरत. प्रौढांना तर शाळेचे दार बंदच होते. अक्षरज्ञान टिकवायचे तर गावात पुस्तक हवे, हे ओळखून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. मोतीभाई अमीन यांनी तत्पूर्वीच खेड्यांतून वाचनालयांचा पाया घातला होता. योजना साधी होती : गावाने ठराविक वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने द्यावी. फुकट मिळालेल्या वस्तूची आस्था राहत नाही, हा व्यवहार त्यात होता. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. निरक्षरांसाठी जादूचा कंदील व चलच्चित्रे यांच्या साहाय्याने आरोग्य, शेती आदी विषयांची माहिती दिली जाई. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व बालकांसाठी स्वतंत्र विभाग होते. कालांतराने ग्रामवाचनालयांची संख्या हजारावर गेली.

जैन समाजानेही या राजाचे स्मरण ठेवावे असे एक कार्य आहे. बडोदे राज्यातील पाटण येथील जैन भांडारांतील हस्तलिखितांचे संशोधन महाराजांच्या आश्रयाने चिमणलाल दलाल यांनी केले. दलाल १९१८ साली निवर्तले; त्यांच्या टिपणांवरून सिद्ध झालेली सूची १९३७ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली.

तथापि सर्व काही साधले असे नाही. अनेक पालक मुलांना शाळेत धाडण्याऐवजी दंड भरीत, आणि १९३१ च्या जनगणनेतही राज्यातील बहुसंख्य प्रौढ निरक्षरच आढळले. महाराजांनी हे कार्य अखेरपर्यंत सोडले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हाही बडोद्याहून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जातच होत्या.