स्मिता पाटील

स्मिता पाटील (जन्म : पुणे, १७ ऑक्टोबर १९५५, मृत्यू : मुंबई, १३ डिसेंबर १९८६) या मराठी व हिंदी चित्रपटांतील ख्यातनाम अभिनेत्री होत्या. चित्रपटसृष्टीत येण्यापूर्वी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत.

बालपण

त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातील शिरपूरचे राजकीय नेते, तर आई विद्याताई सामाजिक कार्यकर्त्या होत्या. घरातील वातावरण समाजवादी विचारांचे असल्यामुळे पुण्यात शिकत असतानाच स्मिता यांचा राष्ट्र सेवा दलाशी संबंध आला.

वृत्तनिवेदिका

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या वेळी वाहिनी एकच, चित्र कृष्णधवल आणि कार्यक्रम मोजक्या तासांचे असत. संच बाळगण्यासाठी परवाना लागे. ज्या घरी संच असे, तेथे संध्याकाळी शेजारीपाजारी जमत. अशा काळात बातम्या देणारी व्यक्ती प्रेक्षकांना जवळजवळ घरचीच वाटू लागे.

दूरदर्शन १९७६ पर्यंत आकाशवाणीचाच एक भाग होते. त्यामुळे शुद्ध उच्चार आणि संयत स्वर ही आकाशवाणीची शिस्त तेथेही होती; मात्र आकाशवाणीच्या निवेदकाचा चेहरा श्रोत्यांना दिसत नसे. येथे तो दिसू लागला आणि स्मिता यांचे वेगळेपण याच ठिकाणी जाणवले. सावळा वर्ण, मोठे बोलके डोळे, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि अंगावर साधी साडी हे रूप त्या काळच्या चित्रपटांतील नायिकांच्या गोऱ्यागोमट्या साच्यात बसणारे नव्हते. बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, असे सांगितले जाते. पडद्यावर त्याचा मागमूसही नसे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांपैकी अनेकांच्या आठवणीत आजही अभिनेत्रीच्या आधी ही वृत्तनिवेदिका येते.

चित्रपट

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात त्यांनी काम केले होते. तथापि कलाटणी दिली ती बातम्यांनीच. दूरदर्शनवर त्यांना पाहून दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी ‘चरणदास चोर’ (१९७५) या बालचित्रपटात त्यांना राजकन्येची भूमिका दिली. त्यापाठोपाठ ‘निशांत’ आणि ‘मंथन’ आले. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ‘मंथन’ची निर्मिती केली होती. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’साठी (१९७७) त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या अवघ्या बाविशीच्या आसपास होत्या. पुढे ‘चक्र’मधील भूमिकेसाठी हाच पुरस्कार त्यांना पुन्हा मिळाला.

मराठीत जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मधील आदिवासी स्त्री आणि ‘उंबरठा’तील (१९८२) महिलाश्रमाची अधीक्षिका या त्यांच्या भूमिका विशेष गाजल्या. दुसरी अधिक अवघड म्हणावी लागेल. घर सोडण्याचा निर्णय घेणाऱ्या स्त्रीची घालमेल तेथे आक्रोशाविना, बहुतांशी नजरेतूनच व्यक्त करायची होती.

‘नमक हलाल’सारखे व्यावसायिक चित्रपटही त्यांनी केले, परंतु त्यांत त्यांच्या गुणांना फारसा वाव नव्हता. दूरदर्शनशी असलेले नातेही पुन्हा जुळले. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’ या चित्रपटात त्यांनी दुखी चांभाराच्या पत्नीची, झुरियाची, भूमिका केली. ज्या माध्यमातून त्या प्रथम घराघरांत पोहोचल्या, त्याच माध्यमावर त्या आता अगदी निराळ्या वेशात दिसल्या.

अखेर

१९८५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांशीही त्यांचा संबंध होता. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना व अभिनेते राज बब्बर यांना पुत्र झाला. तो पुढे प्रतीक या नावाने अभिनेता म्हणून परिचित झाला. प्रसूतीनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे पंधरवड्यातच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्मिता यांचे निधन झाले. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये प्रदर्शित झाला.