मोगलीचा जनक

गेल्या माघात आमच्या नववीच्या वर्गाची सहल पेंचच्या राष्ट्रीय उद्यानास गेली होती. सौंसरहून पहाटे निघालो, खवासा मागे टाकले आणि तुरियाच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा सागाच्या पानांवरचे दव अजून वाळले नव्हते. चितळांचे कळप, एक एकलकोंडा गवा, झाडांवरून चाललेली वानरांची धांदल, एवढे दर्शन घडले. वाघाने मात्र आपल्या पावलांच्या ठशांवरच आमची बोळवण केली. परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, की मोगलीची कथा लिहिणारा लेखक या अरण्यात कोणत्या बाजूस राहत होता? तो येथे कधी आलाच नव्हता, असे मी सांगताच साऱ्या वर्गाचा विरस झाला. त्या विरसाची अंशतः भरपाई व्हावी, म्हणून हे चरित्र लिहीत आहे.

रुड्यार्ड किप्लिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईस झाला. त्याचे वडील लॉकवुड हे सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. मुलाला सांभाळावयास घरात एक पोर्तुगीज ख्रिस्ती आया आणि एक हिंदू गडी होता. आया त्याला संध्याकाळी समुद्रकाठच्या माडांच्या सावलीतून फिरावयास नेई आणि वाटेवरच्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करी. ती आणि तो गडी यांच्या गोष्टी ऐकतच तो वाढला. आईवडिलांपुढे जाताना आता इंग्रजी बोलायचे हं, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे. कारण त्याची स्वप्ने देशी भाषेत पडत आणि इंग्रजी त्याला मनात भाषांतर करून, अडखळत बोलावे लागे. अशा आया त्या काळी पुष्कळदा गोमंतकाकडून मुंबईस येत. तिच्या अंगाईत एखादा कोंकणी शब्द असावा, असा माझा आपला एक लोभ आहे. वाचकांनी तो क्षम्य मानावा. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि सरकारची तिसरी, ही स्थिती पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१८७१ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, त्याला व त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी येथे पैसे घेऊन मुले ठेवणाऱ्या एका कुटुंबात सोडून आईवडील हिंदुस्थानात परतले. आपण का सोडले गेलो, हे मुलांना कोणी सांगितलेच नाही. त्या घरात त्याला सुमारे सहा वर्षे मारझोड आणि अपमान सोसावे लागले. डोळे अधू होत चालले होते. त्याकडेही कोणाचे लक्ष गेले नाही. टोळीत वाढलेला परंतु टोळीचा नसलेला, गावात आलेला परंतु गावानेही दगड मारून हाकललेला मोगली या सहा वर्षांतूनच जन्मला असावा, असे मला वाटते. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार पाहणाऱ्या पांढुर्ण्याच्या मुलांना दगडांचा तो प्रसंग विशेष आवडतो, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.)

१८८२ साली सोळा वर्षांचा किप्लिंग मुंबईच्या धक्क्यावर उतरला. तेथील दृश्ये आणि वास यांच्या स्पर्शाने त्याच्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली; आश्चर्य हे, की त्यांचा अर्थ तो स्वतः विसरून गेला होता! पुढे लाहोर व अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत त्याने सात वर्षे नोकरी केली आणि १८८९ साली देश सोडला.

१८९२ च्या हिवाळ्यात तो अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात पत्नीसह राहत होता. बाहेर बर्फ साचलेले, घरात पहिले अपत्य येऊ घातलेले. अशा वेळी त्याने मोगलीची पहिली जंगलकथा लिहिली. सिवनीच्या अरण्यासंबंधी स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ साली प्रसिद्ध केलेले पुस्तक त्याच्या उपयोगी पडले, असे अभ्यासक मानतात. वैनगंगा आणि कान्हीवाडा ही नावे त्याच्या कथांत आहेत आणि ती आजही सिवनी जिल्ह्यात आहेत. ‘जंगल बुक’ १८९४ साली निघाले. जिच्यासाठी या कथा होत्या, ती मुलगी जोसेफीन १८९९ साली न्यूमोनियाने वारली. ती अवघी सहा वर्षांची होती. १९०७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेतील लेखकाला मिळालेले ते पहिलेच.

येथवरची कथा मुलांना सांगणे सोपे असते. परंतु हिंदुस्थानच्या लोकांना स्वराज्य पेलणार नाही, असेही याच लेखकाचे मत होते, आणि जालियनवाला बागेत गोळीबार करविणाऱ्या डायरच्या साहाय्यनिधीस त्याने वर्गणी दिली होती. ही गोष्ट मी वर्गापासून लपवीत नाही. ज्या तुरियाच्या फाटकातून आमची सहल आत गेली, त्याच तुरियात १९३० च्या ऑक्टोबरात जंगल सत्याग्रह झाला. सरकारी कायदा मोडून गवत कापावयास जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार आदिवासी मृत्यू पावले, त्यांत तीन स्त्रिया होत्या. किप्लिंग त्या वेळी हयात होता. त्याच्या कथांत या अरण्यातील लांडगे सभा भरवून बोलतात. गोंड स्त्रियांना मात्र तेथे फारसे बोलावयास मिळत नाही.

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे सैन्याने नाकारलेल्या आपल्या जॉन या मुलाला त्याने ओळखीचा उपयोग करून भरती करविले. १९१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला. बाप वर्षानुवर्षे त्याचा शोध घेत राहिला. त्याच्या हयातीत मुलाचे थडगे सापडले नाही. सैनिकांच्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावर पुढे तो काम करीत असे. १८ जानेवारी १९३६ रोजी लंडन येथे त्याचा मृत्यू झाला.

हे सारे मी परतीच्या बसमध्ये सांगितले. प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. रामाकोना मागे पडल्यावर तिने पुन्हा विचारले, की मग त्या चार माणसांची गोष्ट कोणी लिहिली आहे काय?