५० प्रती खपलेला गेम आणि डॅनी बन्टन: जुने घरगुती गेम्स जपायचे म्हणजे नेमकं काय जपायचं?

१९७८ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका इंजिनिअरने ॲपल टू कॉम्प्युटरसाठी एक गेम लिहिला. नाव होतं व्हीलर डीलर्स. बाजारात त्याच्या जेमतेम ५० प्रती खपल्या. आज एखाद्या साध्या ॲपचेसुद्धा एका दिवसात याहून जास्त डाऊनलोड होतात.

तरीही हा गेम लिहिणाऱ्या डॅनी बन्टन यांचं नाव गेम डिझायनर आजही आदराने घेतात. द सिम्स हा गेम तुम्ही खेळला असेल किंवा निदान ऐकला असेल. तो बनवणाऱ्या विल राइट यांनी २००० साली तो गेम डॅनींच्या स्मृतीला अर्पण केला होता.

जुने गेम्स कसे जपतात, हा प्रश्न मला बऱ्याच दिवसांपासून पडला होता. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: फाइल काढून घ्या, एम्युलेटरवर चालवा, झालं. डॅनींचं आयुष्य वाचल्यावर मला हे उत्तर अपुरं वाटायला लागलं. का, ते त्यांच्याच गोष्टीतून पाहू.

सायकलच्या दुकानातून कॉम्प्युटरकडे

डॅनींचा जन्म १९ फेब्रुवारी १९४९ चा, मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसचा. पुढे कुटुंब आर्कान्सामधल्या लिटल रॉक शहरात आलं. सहा भावंडांत त्या थोरल्या. पैशाची ओढाताण असायची, त्यामुळे शाळेत असतानाच औषधांच्या दुकानात काम करून त्या घराला हातभार लावायच्या. पण या घरात एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे सगळ्यांनी मिळून बैठे खेळ खेळणं. घरचे आनंदाचे क्षण म्हणून त्यांना हेच आठवत राहिलं आणि पुढे त्यांनी केलेल्या जवळजवळ प्रत्येक गेमचं मूळ इथेच सापडतं.

कॉलेजात असताना त्यांनी सायकलचं दुकानही चालवलं. १९७४ मध्ये आर्कान्सा विद्यापीठातून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्यानंतरच्या नोकरीत शहरांची गणिती मॉडेल्स तयार करण्याचं काम होतं. म्हणजे माणसं, जमीन, पैसा आणि वस्तू यांचं एकमेकांशी असलेलं नातं आकड्यांत मांडायचं. पुढे त्यांचे गेम्स पाहिले की हा अनुभव कुठे कामी आला ते लगेच कळतं.

५० प्रतींचा गेम

तेव्हाचे घरगुती गेम्स कसे विकले जायचे, हे आधी समजून घ्या. कोणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून गेम लिहायचा. तो कॅसेटवर उतरवायचा, सोबत झेरॉक्स काढलेलं माहितीपत्रक ठेवायचं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात द्यायचं. किंमत साधारण १५ डॉलर.

व्हीलर डीलर्सची किंमत होती ३५ डॉलर. कारण त्यात चार जणांनी एकाच वेळी लिलावात बोली लावायची होती आणि ॲपल टूवर त्यासाठी सोय नव्हती. म्हणून गेमसोबत खास बनवलेला कंट्रोलर द्यावा लागला. स्पीकईझी सॉफ्टवेअर या छोट्या कॅनडियन कंपनीने तो बाजारात आणला आणि गाडी ५० प्रतींवर अडली.

आता यातला जपणुकीचा भाग बघा. ॲपल टूच्या कॅसेटवर डेटा हा चक्क आवाज असतो. ० साठी २,००० हर्ट्झची एक लहर, १ साठी १,००० हर्ट्झची एक लहर. साध्या टेपरेकॉर्डरवर वाजवली तर किर्र किर्र ऐकू येईल, पण ॲपल टूला त्यात प्रोग्राम दिसतो. म्हणजे अशी कॅसेट वाचवायची तर आधी ती वाजवून आवाज रेकॉर्ड करायचा, मग सॉफ्टवेअरने त्या लहरी मोजून पुन्हा ० आणि १ करायचे. हे रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीसारख्या न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये करतात. एमपी३ टाळतात, कारण एमपी३ माणसाच्या कानाला नको असलेला भाग काढून टाकतो आणि कॉम्प्युटरला नेमका तोच भाग लागू शकतो.

समजा, व्हीलर डीलर्सचा प्रोग्राम असा नीट उतरवला. पण तो चार जणांचा कंट्रोलर नसेल तर? प्रोग्राम चालू होईल, पण लिलाव डॅनींच्या मनात होता तसा होणार नाही. कंट्रोलरचे फोटो, जोडणीचा नकाशा, कुठलं बटण कुठल्या पिनला जातं याची नोंद, हे सगळं गेमचाच भाग आहे. एकूण ५० प्रती असलेल्या गेमच्या बाबतीत अशी एकेक नोंद महत्त्वाची ठरते.

म्यूल: एक टीव्ही, चार जॉयस्टिक

यानंतर डॅनींनी स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या कंपनीसाठी कॉम्प्युटर क्वार्टरबॅक, कार्टेल्स अँड कटथ्रोट्स आणि सायट्रॉन मास्टर्स हे गेम्स केले. याच काळात ट्रिप हॉकिन्स यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही नवी कंपनी काढली होती. हो, आज आपण जिला ईए म्हणतो तीच. हॉकिन्स यांना कार्टेल्सचे हक्क हवे होते, ते मिळाले नाहीत. मग डॅनींनी भाऊ बिल आणि आणखी दोन मित्रांना घेऊन ओझार्क सॉफ्टस्केप हा गट उभा केला आणि त्याहून सरस गेम लिहिला. तो १९८३ साली आलेला म्यूल.

आटारी ४०० आणि ८०० या कॉम्प्युटरना जॉयस्टिकच्या चार जागा होत्या. डॅनींना जे ॲपल टूवर वेगळा कंट्रोलर देऊन करावं लागलं, ते इथे आयतं मिळालं. म्यूलमध्ये चार जण इराटा नावाच्या ग्रहावर वस्ती करतात. इराटा हे इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, आटारी होतं! जमीन घ्यायची, तिच्यावर म्यूल म्हणजे खेचरासारखं राबणारं यंत्र लावायचं, अन्न, ऊर्जा किंवा खनिज काढायचं आणि लिलावात विकायचं.

लिलावाची पद्धत फार सुंदर आहे. विकणारे पडद्याच्या वरच्या बाजूला, घेणारे खालच्या बाजूला. घेणारा वर सरकला की त्याची बोली वाढते, विकणारा खाली आला की त्याचा भाव उतरतो. दोघे एका रेषेवर भेटले की सौदा पक्का. आणखी एक गंमत म्हणजे, सगळ्यात पुढे असलेल्याला नशिबाची भेट मिळत नाही आणि सगळ्यात मागे असलेल्यावर संकट येत नाही. म्हणजे घरातलं धाकटं पोरसुद्धा शेवटपर्यंत खेळात टिकतं.

आटारीच्या तेव्हाच्या एका फ्लॉपीवर ७२० सेक्टर, प्रत्येकात १२८ बाइट. एकूण ९२,१६० बाइट. तुमच्या फोनमधल्या एका फोटोत अशा कितीतरी फ्लॉप्या मावतील. पण ही फ्लॉपी नुसती कॉपी होत नसे, कारण चोरी टाळण्यासाठी कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम वेडेवाकडे सेक्टर ठेवायच्या. म्हणून आज जपणूक करणारे ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं उपकरण वापरून फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात. अर्थ नंतर लावता येतो, पण आधी मूळ खूण हाती हवी.

म्यूलच्या सुमारे ३०,००० प्रती खपल्या. चोरट्या प्रतीही खूप फिरल्या आणि त्याचा फटका डॅनींना बसला. गंमत अशी, की त्या काळातले बरेच गेम्स आज संरक्षण तोडलेल्या प्रतींमुळेच उरले आहेत. मला यात चोरीचं समर्थन करायचं नाही. पण मूळ माल सांभाळायची जबाबदारी कोणी घेतली नाही, तर मागे काय उरतं ते नशिबावर जातं. शिवाय अशा प्रतींत कोणी सुरुवातीचा पडदा बदललेला असतो, कोणी जागा वाचवायला काही भाग कापलेला असतो.

पत्ते, मोडेम आणि खेळाडू

१९८४ च्या सेव्हन सिटीज ऑफ गोल्डने डॅनींना व्यावसायिक यश दिलं. दीड लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यात कॉम्प्युटर तुमच्यासाठी नवा खंड तयार करून डिस्कवर लिहायचा. म्हणजे कोणाच्या कपाटात पडलेल्या डिस्कवर दुसरीकडे कुठेच नसलेलं जग असू शकतं.

१९८६ चा रोबोट रास्कल्स तर कॉम्प्युटर आणि खरे पत्ते मिळून खेळायचा होता. एकट्याने खेळायची सोयच नव्हती. तो फारसा खपला नाही. फाइल मिळाली पण पत्त्यांचा जोड हरवला, तर तो गेम वाचला असं म्हणायचं का?

१९८८ चा मोडेम वॉर्स टेलिफोनच्या तारेवरून दोघांनी खेळायचा. इंटरनेट घराघरात पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे मायक्रोप्रोज कंपनीसाठी कमांड एचक्यू आणि ग्लोबल कॉन्क्वेस्ट आले, तेही माणसांना माणसांशी जोडणारे. १९९७ मध्ये मोडेम वॉर्सचाच नवा अवतार वॉरस्पोर्ट एका ऑनलाइन सेवेवर आला. ती सेवा पुढे बंद पडली. सर्व्हर गेला की गेम गेला, हा आजचा प्रश्न त्यांच्या गेमला तेव्हाच भेटला होता.

नाव बदललं, नोंदीही जुळायला हव्यात

डॅनी ट्रान्स महिला होत्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्या डॅनिएल बन्टन बेरी झाल्या. त्याआधीच्या गेम्सच्या खोक्यांवर डॅन बन्टन असं छापलेलं आहे. खोकं जपणाऱ्याने ते छापील नाव पुसू नये. पण कॅटलॉगमध्ये दोन्ही नावं एकाच व्यक्तीला जोडली नाहीत, तर शोधणाऱ्याला अर्धं काम दिसेल आणि अर्धं दिसणारच नाही. ही चूक कुठलंच मशीन आपोआप दुरुस्त करत नाही, माणसालाच करावी लागते.

म्यूलची सेगा जेनेसिस कन्सोलसाठी आवृत्ती निघणार होती. त्यात बंदुका आणि बॉम्ब घालायला डॅनींनी नकार दिला आणि ती रद्द झाली. १९९८ मध्ये गेम डिझायनरांच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. त्याच वर्षी ३ जुलैला फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय फक्त ४९.

मग जपायचं काय?

मी फोनवर एम्युलेटर टाकून म्यूल खेळून पाहिला. समोर तीन कॉम्प्युटर खेळाडू. गेम अगदी व्यवस्थित चालला. पण भाव पाडण्यासाठी कोणाला चिडवता येईना, शेवटच्या क्षणी दगा देणाऱ्याकडे डोळे वटारून बघता येईना. लूडो एकट्याने बॉटशी खेळणं आणि चार भावंडांनी एकाच फोनवर खेळणं यात जो फरक आहे, तोच. २००९ मध्ये प्लॅनेट म्यूल नावाची ऑनलाइन आवृत्ती काढणाऱ्यांनी नेमकं हेच ओळखलं आणि समोर पुन्हा माणसं आणली.

म्हणून माझ्या मते जुना घरगुती गेम जपायचा म्हणजे तीन गोष्टी जपायच्या. पहिली डेटा. दुसरी, तो चालवणारं मशीन आणि सोबतच्या वस्तू: कंट्रोलर, पत्ते, माहितीपत्रक. तिसरी, तो कसा खेळला जायचा याची आठवण. पहिली गोष्ट आता बरीच सोपी झाली आहे. तिसरी मात्र खेळलेल्या माणसांबरोबर निघून जाते.

हे काम अजून मागेच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत.

तुम्ही काय करू शकता?

हे फक्त जुन्या कॉम्प्युटरचं दुखणं नाही. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची सगळी ॲप्स नव्या आयफोनवर एका फटक्यात बंद झाली. त्यात एकट्यादुकट्याने बनवलेले कितीतरी गेम्स होते.

- तुम्ही स्वतः गेम बनवला असेल, अगदी कॉलेज प्रोजेक्ट असला तरी, सोर्स कोड आणि चित्रांच्या मूळ फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.
- कुठल्या फोनवर, कुठल्या व्हर्जनवर चालतो ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा.
- दोन-तीन मित्र खेळताना त्यांच्या बोलण्यासकट व्हिडिओ काढून ठेवा.
- घरात जुनी कॅसेट किंवा फ्लॉपी सापडली तर आधी बुरशी आहे का बघा. असेल तर ती वाजवू नका, जाणकाराकडे द्या. लेबलाचा फोटो मात्र लगेच काढा.
- घरात कोणी जुन्या कॉम्प्युटरवर किंवा कीपॅड फोनवर गेम खेळलं असेल तर त्यांना विचारा, कोणाबरोबर खेळायचात, भांडणं कशावरून व्हायची.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे. डॅनींनी आयुष्यभर गेम लिहिले ते माणसांनी एकमेकांजवळ बसावं म्हणून. त्यांच्या फाइल्स वाचवणारे लोक आहेत. त्या फाइलभोवती बसलेल्या माणसांची गोष्ट मात्र ज्याने त्याने आपल्या घरात लिहून ठेवायची आहे.