बॅरिस्टर नाथ पै : घटनादुरुस्तीच्या हक्कासाठीची झुंज

कोकणच्या राजकीय परंपरेत बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव प्रामुख्याने त्यांच्या वक्तृत्वासाठी घेतले जाते. मात्र त्यांच्या संसदीय कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी काम भाषणांपेक्षा एका खासगी विधेयकाशी निगडित आहे. त्या विधेयकामागे त्यांचे कायद्याचे शिक्षण उभे होते.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेल्या नाथ पै यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. बेळगावात वाढलेल्या या तरुणाने १९४२ च्या चळवळीत कारावास भोगला. पुढे लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. इंग्लंडमधील वास्तव्यात समाजवादी विचारांशी त्यांचे नाते दृढ झाले आणि समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. बॅरिस्टरीच्या बळावर सुखवस्तू आयुष्य सहज लाभले असते. त्यांनी मात्र प्रजासमाजवादी पक्षाचा मार्ग धरला.

१९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. गोवामुक्ती, सीमाप्रश्न आणि कोकण रेल्वे हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय होते. जुलै १९६० मधील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात ते आघाडीवर होते.

त्यांच्या कायदेपांडित्याची खरी कसोटी १९६७ साली लागली. पंजाबातील जमीनधारणेच्या कमाल मर्यादेवरून उद्भवलेल्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच अशा मतांनी २७ फेब्रुवारी रोजी निकाल दिला. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांतच मोडत असल्याने जमीनसुधारणांचे भवितव्य टांगणीला लागले. कुळांच्या प्रश्नाशी परिचित असलेल्या कोकणाला आणि १९६४ मध्ये कूळ कायदा पाहिलेल्या गोव्याला याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

विरोधी बाकावर बसलेल्या नाथ पै यांनी एप्रिल १९६७ मध्ये घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. घटनेतील कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या संसदेकडेच असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. स्वतंत्र पक्षाने त्यास कडवा विरोध केला. समाजवादी परिवारातही मतभेद उफाळले. बहुमताच्या जोरावर उद्या नागरिकांचे स्वातंत्र्यच हिरावले गेले तर काय, हा विरोधकांचा प्रश्न निराधार नव्हता. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर प्रदीर्घ चर्चा झाली. परंतु ते संमत होण्यापूर्वीच २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली.

त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय होते ४८ वर्षे. राजापूरचे प्रतिनिधित्व पुढे मधू दंडवते यांच्याकडे गेले आणि कोकण रेल्वेचे स्वप्न १९९८ मध्ये पूर्णत्वास आले.

विधेयकाचा आशयही त्यांच्यामागे जिवंत राहिला. १९७१ च्या अखेरीस अमलात आलेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित केला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने गोलकनाथचा निर्णय मोडीत काढून तो अधिकार मान्य केला. त्याच वेळी घटनेच्या मूलभूत चौकटीला मात्र संसदेला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादा घातली. दोनच वर्षांत आणीबाणी आली आणि त्या मर्यादेचे मोल देशाला उमगले. नाथ पै यांनी मागितलेला अधिकार आणि त्यांच्या विरोधकांनी व्यक्त केलेली धास्ती, या दोहोंना भारतीय घटनेत आज जागा आहे.